रूट कॅनालनंतरचा ठणका: माझा अनुभव

रूट कॅनालची भीती सगळे घालतात, पण खुर्चीत मला काहीच दुखलं नाही. दाढ ठणकू लागली ती घरी आल्यावर, भूल उतरली तशी. नस काढून टाकली म्हणतात, मग आता दुखतंय काय?

डॉक्टरांनी एक्स-रेवर मुळाच्या टोकाशी बोट ठेवून दाखवलं होतं. नस दाताच्या आत असते, ती गेली. पण मूळ ज्या तंतूंनी हाडाला धरलेलं असतं ते तंतू आणि आजूबाजूचं हाड जिवंतच असतं. इन्फेक्शनमुळे आणि आत फिरवलेल्या बारीक फाइल्समुळे (मूळ आतून साफ करायच्या सुईसारख्या कानशी) तो भाग सुजतो. म्हणूनच गार पाण्याची जुनी कळ गेली होती, पण दाढेला जीभ लागली तरी नकोसं होत होतं.

सगळ्यात कामी आला तो त्यांचा एक सल्ला: पहिली गोळी भूल उतरायच्या आत घ्या. ठणका एकदा चढला की गोळीला वेळ लागतो. मला आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवणानंतर, आणि जोडीला पॅरासिटामॉल दिली होती. दोघींचं काम वेगवेगळं, म्हणून एकत्र चालतात. (अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नका. पॅरासिटामॉल सर्दीच्या गोळ्यांतही असते, तीही हिशेबात धरा.) अँटिबायोटिकचं विचारलं तर डॉक्टर सरळ नाही म्हणाल्या. सूज किंवा ताप नसताना ठणक्यावर तिचा उपयोग नसतो.

रात्री आडवं झालं की ठणका वाढायचा. डोक्याखाली आणखी एक उशी घेतली आणि झोप लागली. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी हिरडीला बरं वाटलं, दाढेला फारसा फरक पडला नाही.

ठणका ओसरला, तरी दात मिटले की तीच दाढ सगळ्यांच्या आधी टेकायची आणि कळ यायची. ‘होईल हळूहळू’ म्हणत बसायची ही गोष्ट नाही. फोन केला, लगेच बोलावलं. निळा कागद दाढांमध्ये धरून ‘चावा, आता इकडे-तिकडे घासा’ म्हणाल्या. फिलिंगवर एका कडेला गडद निळा ठिपका उमटला. तेवढंच घासलं, पुन्हा कागद, पुन्हा किंचित घासणं. उठतानाच जबडा नीट मिटत होता. दुखरेपणा पूर्ण जायला आणखी थोडे दिवस लागले, पण गोळी पुन्हा लागली नाही.

गाल सुजला, ताप आला किंवा ठणका कमी होण्याऐवजी वाढत गेला तर त्याच दिवशी दाखवा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल गाठा.

दाढेवरची कॅप (वरचं टोपण) अजून बसायची आहे. तोवर त्या बाजूने कडक काही चावत नाही, कारण आतून पोकळ झालेली दाढ मुळापर्यंत चिरली तर बहुधा काढावीच लागते.