आमची वाटचाल : एकोणपन्नास दिवसांचे घड्याळ

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका भाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघा मित्रांनी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बनवण्याचे काम सुरू केले. सुरुवातीला टाकीची पातळी दाखवणारी यंत्रे आणि पंपांचे स्टार्टर बनवत होतो. पुढे परिसरातील द्राक्ष बागायतदारांच्या शीतगृहांसाठी तापमान कंट्रोलरची मागणी येऊ लागली आणि तेच आमचे मुख्य उत्पादन झाले. सर्किट दोघे मिळून काढायचो आणि सी भाषेतील प्रोग्राम मी लिहायचो. प्रोग्रामची तपासणी म्हणजे चिपमध्ये तो उतरवायचा, बोर्ड टेबलवर मांडायचे, सेन्सर मुठीत धरून गरम करायचा आणि रिले, म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच, वेळेवर ओढला की माल रवाना करायचा. आमच्याएवढ्या बहुतेक कारखान्यांत हीच पद्धत होती आणि त्यात काही चुकते आहे असे आम्हाला वाटत नव्हते.

एका हंगामात, माल भरलेला असताना, एका शीतगृहाच्या मालकांचा रात्री फोन आला. खोलीचे तापमान वाढत होते, कंट्रोलरच्या पडद्यावर ते बरोबर दिसत होते, तरीही कॉम्प्रेसर सुरू होत नव्हता. मी त्यांना सप्लाय बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले आणि कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला. आम्ही बोर्ड बदलून दिले, परत आणलेले बोर्ड आठवडाभर टेबलवर चालवले, त्यात काहीच सापडले नाही, आणि विजेच्या दाबातील चढउतारांवर ठपका ठेवून विषय मिटवला. पुढे नव्या बोर्डावरही नेमके तसेच घडले, तेव्हा ते मालक म्हणाले, "साहेब, सप्लाय काढून घातला की चालतंय, ते आता मलाही कळलंय. पण मी झोपेत असताना बंद पडलं तर माझ्या मालाचं काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून तो प्रश्न मला जास्त लागला.

त्या वेळी माझ्या मनात एकच धागा होता. बोर्ड बसवल्याची तारीख आणि तक्रारीची तारीख यांत दोन्ही वेळा सुमारे पन्नास दिवसांचे अंतर होते. त्या धाग्यावरून पुढे गेल्यावर कारण सापडले. आमच्या प्रोग्राममधील घड्याळ ३२ बिटांच्या, म्हणजे बत्तीस द्विमान अंकांच्या, संख्येत मिलिसेकंद मोजत असे. अशी संख्या ४,२९,४९,६७,२९६ मिलिसेकंदांनी, म्हणजे ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटे आणि ४७ सेकंदांनी पुन्हा शून्यावर येते. कॉम्प्रेसर थांबल्यावर त्याला तीन मिनिटे विश्रांती द्यावी लागते, नाहीतर गॅसचा दाब उतरण्याआधीच तो सुरू होऊन मोटरवर ताण येतो. मी ही विश्रांती अशी लिहिली होती की थांबण्याच्या वेळेत तीन मिनिटे मिळवून पुढची वेळ काढायची आणि घड्याळ त्या वेळेच्या पुढे गेले की सुरू करण्याची परवानगी द्यायची. कॉम्प्रेसर थांबल्यानंतर आणि खोलीने पुन्हा थंडावा मागण्याआधी घड्याळ शून्यावर आले, तर परवानगीची वेळ प्रचंड मोठी आणि आताची वेळ अगदी लहान ठरायची. मग पुढचे जवळजवळ पन्नास दिवस ती परवानगी मिळणारच नव्हती. सप्लाय काढला की घड्याळ नव्याने सुरू व्हायचे आणि दोष दिसेनासा व्हायचा. बाकीच्या शीतगृहांत तो दिसला नाही, कारण काहींची वीज अधूनमधून जात होती आणि काहींत घड्याळ नेमके त्या काही मिनिटांत शून्यावर आले नव्हते.

दुरुस्ती एका ओळीची होती. पुढची वेळ काढून ठेवण्याऐवजी आताच्या वेळेतून थांबण्याची वेळ वजा करायची आणि ते अंतर तीन मिनिटांशी ताडून पाहायचे. बिनचिन्ह, म्हणजे ऋण न होणाऱ्या, संख्यांची वजाबाकी घड्याळ शून्यावरून गेले तरी बरोबर येते. प्रश्न होता तो खात्रीचा. ही दुरुस्ती योग्य आहे हे पाहायला मी आणखी पन्नास दिवस थांबणार होतो का? त्या शोधात मला युनिट टेस्ट, म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा सुटा चालवून तपासण्याची पद्धत, आणि त्यासाठीचे युनिटी हे साधन भेटले. युनिटी हे सी भाषेसाठी लिहिलेले छोटे, मुक्त परवान्याचे फ्रेमवर्क आहे; त्याचा गाभा एक सी फाइल आणि दोन हेडर फाइल (फंक्शनांची फक्त ओळख सांगणाऱ्या फाइल) एवढाच आहे. आपले फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, चालवायचे, अपेक्षित उत्तर आणि आलेले उत्तर ताडून पाहायचे, आणि जुळले नाही तर कोणत्या ओळीवर काय अपेक्षित होते व काय आले हे छापायचे, एवढेच त्याचे काम.

मी पहिली टेस्ट घड्याळाची लिहिली नाही. आधी हात बसावा म्हणून मॉडबसच्या (यंत्रांनी एकमेकांना माहिती पाठवण्याच्या एका पद्धतीच्या) सीआरसी फंक्शनची, म्हणजे पाठवलेली माहिती बिघडली नाही ना हे पडताळणारा आकडा काढणाऱ्या फंक्शनची, लिहिली, कारण त्याला कोणतेही हार्डवेअर लागत नाही. १ ते ९ हे अंक अक्षरे म्हणून ओळीने दिले की मॉडबसचा सीआरसी सोळाच्या पायाने ४बी३७ यायला हवा, आणि तो आला. संगणकावर ते उत्तर बरोबर आलेले पाहताना झालेला आनंद मला अजून आठवतो, कारण तोपर्यंत माझ्या प्रोग्रामचा कोणताही तुकडा बोर्डाशिवाय कधी चाललाच नव्हता.

घड्याळाच्या टेस्टला मात्र आठवडे लागले, आणि आमच्या वाटचालीतला खरा बदल तिथेच घडला. माझा कंट्रोलरचा प्रोग्राम म्हणजे एकच लांबलचक फाइल होती. तापमान वाचणे, निर्णय घेणे, रिलेच्या पिनला सिग्नल देणे आणि पडद्यावर लिहिणे हे सगळे एकाच लूपमध्ये मिसळले होते आणि मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या चिपच्या, रजिस्टरांची (तिच्या पिना आणि घड्याळ हाताळणाऱ्या आतल्या कप्प्यांची) नावे जागोजागी विखुरली होती. असा प्रोग्राम संगणकावर कंपाइलसुद्धा होत नाही, म्हणजे चालण्याजोग्या रूपात बदलतच नाही. म्हणून आम्ही तो दोन भागांत वेगळा केला. निर्णय घेणाऱ्या भागाला रजिस्टर माहीत नसावे आणि रजिस्टर हाताळणाऱ्या भागाने निर्णय घेऊ नये, असा नियम ठरवला. घड्याळ, सेन्सर आणि रिले यांना प्रत्येकी छोटी हेडर फाइल मिळाली. बोर्डावर त्यांच्यामागे खरे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर हाताळणारी फंक्शने, असत आणि संगणकावर आम्ही लिहिलेली बनावट फंक्शने असत. मग मी बनावट घड्याळाला सांगितले की शून्यावर येण्याच्या चार मिनिटे आधीची वेळ दाखव, कॉम्प्रेसर थांबवला, वेळ शून्याच्या दहा मिनिटे पुढे नेली आणि थंडावा मागितला. जुना प्रोग्राम त्या टेस्टमध्ये नापास झाला, नवा पास झाला, आणि पन्नास दिवसांचे काम डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकले. जुन्या प्रोग्रामला आधी नापास होताना पाहिल्याशिवाय मी नव्यावर विश्वास ठेवला नसता. आजही एखाद्या ग्राहकाची तक्रार आली की आधी ती तक्रार टेस्टच्या रूपात लिहायची, ती नापास होते हे पाहायचे आणि मगच दुरुस्तीला हात घालायचा, असा आमच्याकडे शिरस्ता आहे.

बनावट फंक्शने हाताने लिहिता लिहिता थकल्यावर आम्ही सीमॉक आणि सीडलिंगकडे वळलो. सीमॉक हेडर फाइल वाचून बनावट फंक्शने स्वतः तयार करते, आणि सीडलिंग सगळ्या टेस्ट बांधून एका आज्ञेत चालवते. सीडलिंग रूबी या वेगळ्या प्रोग्रामिंग भाषेवर चालते, त्यामुळे ते बसवताना आमच्यासारख्या सी लिहिणाऱ्यांना थोडे अवघडल्यासारखे झाले. शिवाय मॉकचा, म्हणजे अशा बनावट फंक्शनांचा, सोस लागतो, हेही आम्ही अनुभवले. प्रत्येक फंक्शन कोणत्या क्रमाने बोलावले जाते हेच तपासत बसलो, तर प्रोग्राममध्ये साधी सुधारणा केली तरी पन्नास टेस्ट पडतात. माझे मत असे झाले आहे की मॉक फक्त हार्डवेअरच्या उंबरठ्यावर वापरावेत आणि आतील निर्णय खऱ्या फंक्शनांवरच तपासावेत.

या कामाचे खरे मोल आम्हाला २०२१ च्या चिपटंचाईत कळले. आम्ही वर्षानुवर्षे वापरत असलेला ८ बिटांचा मायक्रोकंट्रोलर बाजारात मिळेनासा झाला आणि जो ३२ बिटांचा मिळणार होता, त्याची वाट पाहावी लागणार होती. त्या काळात, तोपर्यंत तपासायचे राहून गेलेल्या भागांच्या टेस्ट आम्ही लिहून काढल्या. त्यात एक जुना भाग होता, जो १६ बिटांच्या घड्याळावर दर दोन सेकंदांनी तापमान वाचत असे. तोही वजाबाकीच करत होता आणि जुन्या चिपवर कधी चुकला नव्हता. संगणकावर मात्र टेस्ट नापास झाली. जुन्या चिपच्या कंपाइलरमध्ये इंट, म्हणजे सी भाषेतील साध्या पूर्णांकाचा प्रकार, १६ बिटांचा होता, संगणकावर आणि नव्या चिपवर तो ३२ बिटांचा. सी भाषेच्या नियमाप्रमाणे इंटपेक्षा लहान संख्या आकडेमोडीआधी इंटमध्ये बदलते, त्यामुळे घड्याळ शून्यावर आल्यावर अंतर ऋण येत होते. नव्या चिपवर पहिल्या ६५ सेकंदांनंतर तापमान वाचणे कायमचे थांबले असते. वजाबाकीचे उत्तर पुन्हा १६ बिटांत बसवून आम्ही तो दोष काढला आणि नव्या चिप हातात आल्या तेव्हा बदलायला उरले होते ते फक्त ड्रायव्हर.

संगणकावर पास झालेला प्रोग्राम कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) सुटताना उठणाऱ्या विद्युत गोंगाटात टिकेलच असे नाही, म्हणून टेबलवरची चाचणी आम्ही सोडलेली नाही. फक्त तिथे आता सर्किटचे दोष शोधतो. ग्राहकाच्या अंदाजपत्रकात टेस्ट लिहिण्याचा वेळही वेगळा दाखवतो. काही ग्राहक त्यावर घासाघीस करतात, पण ती रक्कम आम्ही कमी करत नाही.

गाळा आता आमच्या मालकीचा आहे आणि पाच जण प्रोग्राम लिहितात. पॉलिटेक्निकमधून नुकत्याच आलेल्या एका मुलीने दुसऱ्याच आठवड्यात कॉम्प्रेसरच्या विश्रांतीचा प्रोग्राम नव्याने लिहिला आणि मला फक्त टेस्टचा निकाल दाखवला. तिला त्या प्रोग्रामला हात लावू देताना मला धास्ती वाटली नाही. डिस्प्लेच्या मेनूचा भाग मात्र अजून त्या जुन्या लांबलचक फाइलमध्येच आहे. हंगाम संपला की तो वेगळा करायला घेणार आहोत.