कुरुंतोगै वाचताना उळ्ळुरैपाशी अडले ते

संगमकालीन तमिळ प्रेमकविता मुळातून वाचायच्या म्हणून मी कुरुंतोगै निवडली; तिच्यातल्या कविता बहुतेक चार ते आठ ओळींच्या असल्याने शब्दकोश घेऊन एका बैठकीत एखादी तरी उलगडते. लिपी आणि पाच तिणै, म्हणजे भूप्रदेश आणि प्रेमाची अवस्था यांच्या ठरलेल्या जोड्या, यांत फार वेळ गेला नाही. कुरिंजी म्हणजे डोंगर आणि मीलन, मुल्लै म्हणजे रान आणि वाट पाहणे, मरुदम म्हणजे शेतशिवार आणि रुसवा, नेय्दल म्हणजे समुद्रकिनारा आणि झुरणे, पालै म्हणजे रखरखीत वाट आणि ताटातूट, हे कोष्टक कोणत्याही प्रस्तावनेत मिळते.

अडले ते उळ्ळुरैपाशी, म्हणजे वर्णनात झाकलेल्या उपमेपाशी, आणि तेही आठव्या कवितेत. शेतातल्या आंब्यावरून गळलेले पिकले फळ तळ्यातला वाळै मासा पकडतो, अशा गावचा तो पुरुष. आमच्याकडे असताना मोठमोठ्या गोष्टी बोलला, आणि आपल्या घरी मात्र, समोरच्याने हातपाय उचलले की आपलेही उचलणाऱ्या आरशातल्या बाहुलीसारखा, मुलाच्या आईच्या मर्जीने वागतो. शब्द लागले, पण मासा कशासाठी, ते कळेना. माझ्याजवळच्या निवडक संग्रहातून ‘कूट्रु’, म्हणजे कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी बोलते हे सांगणारी जुनी टीप, गाळून टाकलेली होती, आणि त्याचा राग मला अजून आहे. या कवितांत नायक-नायिकेचे नाव येत नाही, तोल्काप्पियम या प्राचीन तमिळ व्याकरण-काव्यशास्त्राच्या ग्रंथाचा नियमच तसा आहे; मग बोलणारी व्यक्तीही कळली नाही, तर सूचित अर्थ वाचकाच्या हाती कसा यावा?

संपूर्ण आवृत्ती मिळाली तेव्हा उलगडा झाला. बोलणारी आहे परत्तै, नायकाची दुसरी स्त्री. पत्नीने आपली निंदा केल्याचे समजल्यावर ती पत्नीच्या सख्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलते आहे. माशाला फळासाठी कष्ट पडले नाहीत, ते आपणहून गळून त्याच्यापाशी आले. तसा हा पुरुष माझ्याकडे आला, मी त्याला ओढून नेले नाही, हे ती त्याच्या गावच्या वर्णनातूनच सुनावते. हीच उळ्ळुरै. पुरुषाच्या दुबळेपणासाठी उघड उपमा आणि स्वतःच्या बचावासाठी झाकलेली, ही तिची निवड मला फार थोर वाटते.

म्हणून आधी टीप वाचावी, मग कविता. गाथासप्तशतीमुळे आपल्याला ध्वनीची, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाची, सवय असते. गोदाकाठी सिंह असल्याचे सांगत ‘निर्धास्त फिर’ म्हणणारी नायिका त्या धार्मिकाला तिथून दूरच ठेवू पाहते, हे आपण ओळखतो. मात्र तमिळमध्ये व्यंग्य अनेकदा नायकाच्या गावाला लावलेल्या लांब विशेषणात दडलेले असते, त्यामुळे वर्णन भराभर ओलांडू नये. कपिलर या संगमकवीच्या, कुरुंतोगैतल्या पंचविसाव्या कवितेत नायिका म्हणते की मीलनाच्या वेळी वाहत्या पाण्यात वाम मासा शोधणारा बगळा तेवढा तिथे होता. त्याचे सारे लक्ष भक्ष्याकडे, म्हणजे साक्षीदार असून नसल्यासारखा, हे मला कोणत्याही भाष्याविना उमगले आणि त्याचा अभिमान वाटतो.

सांगायचे राहिले ते असे की या टिपा कवींच्या नाहीत, नंतरच्या संकलकांच्या आहेत. कवितेतल्या शब्दांशी त्या जुळतात का, हे प्रत्येक वेळी ताडून पाहावे.