पाठीमागे गप्प उभं राहायची ड्युटी

मुलाला ऑटिझम आहे असं डायग्नोसिस झालं की सगळे मुलाबद्दल विचारतात, बोलायला लागला का, थेरपी लावली का, काही फरक पडतोय का. घरातल्या त्या दोन माणसांचं आपसात काय चाललंय हे सहसा कोणी विचारत नाही आणि विचारलंच तर "एकमेकांना सांभाळा" एवढं बोलून विषय संपतो. सांभाळा म्हणजे नेमकं करायचं काय हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आमच्याकडे कसं झालं ते लिहितोय. मी बाप आहे, मुलगा आता पाचचा होईल.

सुरुवात बऱ्याच जणांची होते तशीच झाली. हाक मारली तर बघायचा नाही, शब्द येत होते ते थांबले, आधी वाटलं कानाचं काहीतरी असेल म्हणून ऐकू येतं का ते बघायची बेरा टेस्ट केली (त्यासाठी पोराला झोपवायला लागतं, आणि आमचा झोपेल तर शपथ), तर कान अगदी व्यवस्थित. मग बालरोगतज्ज्ञांनी एम-चॅटचा फॉर्म दिला. हो-नाहीचे २० प्रश्न असतात, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, आणि त्यावरून ऑटिझम आहे असं ठरत नाही, पुढची तपासणी लागेल की नाही एवढंच कळतं. बायकोने घरी भरला आणि कोरा फॉर्म फोटो काढून मला पाठवला, मी माझा ऑफिसात बसून भरला. संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवले तर तीन-चार उत्तरं वेगळी. तुम्ही खोलीत लांब कशाकडे बोट दाखवलं तर मूल तिकडे बघतं का? माझं हो, तिचं ठाम नाही. बराच वेळ वाद घातल्यावर उलगडा झाला की मी घरी आलो की त्याला कडेवर घेऊन पंखा दाखवायचो, पंखा त्याचा जीव की प्राण, तो कुणी बोट दाखवलं नाही तरी पंख्याकडेच बघणार. ती दिवसभर पक्षी, गाडी, चेंडू दाखवून थकली होती.

आम्ही दोन्ही फॉर्म तसेच घेऊन गेलो, आणि डॉक्टरांना त्या पंख्याच्या गोष्टीतून जास्त कळलं असं ते स्वतःच म्हणाले. तेव्हापासून आमच्यात एक पडलंय की "तुला काहीच दिसत नाही" असं एकमेकांना म्हणायचं नाही, कारण ती बघते ती सकाळ वेगळी आणि मी बघतो ती रात्र वेगळी.

रिपोर्टवर लेव्हल २ लिहिलं होतं, म्हणजे बऱ्यापैकी आधार लागेल असं. २०१३ साली डीएसएम-५ (डॉक्टर निदानासाठी वापरतात ते अमेरिकेतलं मानसोपचाराचं पुस्तक) आलं तेव्हापासून अॅस्पर्गर वगैरे वेगळी नावं जाऊन सगळं एकाच स्पेक्ट्रममध्ये आलंय आणि किती आधार लागेल त्यावर १, २, ३ असे आकडे देतात, हे सगळं मी त्या रात्री वाचत बसलो होतो. बायको शांत झोपली. मला रागच आला होता खरं तर. नंतर कळलं की तिचं रडून झालं होतं, रिपोर्टच्या कितीतरी आधी, एकटीने. त्या काळात सगळ्या अपॉइंटमेंट तिने घेतल्या, फायली लावल्या, मी नुसता गाडी चालवत होतो म्हणा ना. पुढे थेरपी सुरू होऊन गाडी रुळावर आल्यासारखं वाटायला लागलं आणि तेव्हा ती कोसळली, तेव्हा मग माझे पाय जमिनीवर होते. दोघं एकाच वेळी खचलो असतो तर काय झालं असतं मला माहीत नाही, आणि हे ठरवून होतही नाही, नशीब म्हणायचं.

ठरवून केलेली गोष्ट एकच, ड्युटी. झोपेचा त्रास या मुलांमध्ये खूप जास्त असतो, आमचा रात्री एक-दोनला उठून थेट उड्या मारायला लागायचा, दोघंही जागे राहायचो आणि सकाळी दोघंही कामाचे नसायचो. शेवटी दोनपर्यंत ती, दोननंतर मी, असं वाटून घेतलं, आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. दार लावून हे महत्त्वाचं. हेच मग दिवसालाही लागू झालं. आणि त्यातला खरा नियम असा की ज्याची ड्युटी त्याचा शब्द शेवटचा, दुसऱ्याने सूचना द्यायच्या नाहीत, तोंड वाकडं करायचं नाही, अगदी तिने त्याला तेच व्हिडिओ परत परत लावून दिले तरी मी ब्र काढायचा नाही. बोलायचं असेल तर नंतर, तो झोपल्यावर. वाचायला सोपं वाटतं हो, पण दुसरा आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने पोराला हाताळतोय आणि आपण पेपर वाचायचा हे फार जड जातं.

बाहेर मेल्टडाऊन झाला की याचा उपयोग जास्त कळतो. त्याला हात सुकवायच्या मशीनचा आवाज सहन होत नाही, टॉयलेटमध्ये कुणीतरी लावली की कानावर हात, मग किंकाळ्या, मग जमिनीवर. हा हट्ट नसतो, समोर खेळणं धरून थांबत नाही, मेंदूला झेपत नाहीये एवढाच अर्थ, तेव्हा आवाज-उजेड कमी करायचा आणि आपणही कमी बोलायचं. पूर्वी आम्ही दोघं दोन बाजूंनी "काय झालं, बस, बस" करायचो आणि ते अजून चिघळायचं. आता एक जण त्याच्याजवळ, तोही जवळजवळ मुका, आणि दुसऱ्याने फक्त माणसं सांभाळायची. गर्दी मागे करायची, "डॉक्टर बोलवू का" म्हणणाऱ्या मावशींना थँक्यू म्हणायचं, आणि "दोन ठेवून द्या" म्हणणाऱ्या काकांशी वाद घालायचा नाही. हे शेवटचं मला अजून जमत नाही.

पण नवरा-बायकोला एकत्र काम करायला खरं कशाने शिकवलं असेल तर पेक्सने. चित्र देऊन मागायला शिकवायची पद्धत आहे ही, बॉन्डी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत काढलेली. तोपर्यंत आमच्या पोराचं मागणं म्हणजे आपलं मनगट धरायचं आणि आपला हात कपाटाच्या कडीवर नेऊन ठेवायचा, तोंडाकडे बघायचंही नाही. पेक्सच्या पहिल्या टप्प्याला मोठी माणसं दोन लागतात. एक समोर बसतो, त्याच्याकडे पोराला हवी असलेली वस्तू, आमच्याकडे साबणाच्या फुग्यांची बाटली. दुसरा पोराच्या पाठीमागे. पोरगं बाटलीकडे झेपावलं की मागच्याने त्याचा हात धरून चित्र उचलायला लावायचं, समोरच्याच्या तळहातावर ठेवायला लावायचं, की समोरच्याने ताबडतोब "फुगे!" म्हणून फुगे उडवायचे. मागच्याने एक शब्द बोलायचा नाही. आणि समोरच्याने "काय हवंय? चित्र दे" असं विचारायचं नाही, कारण सुरुवात पोराकडून व्हायला हवी.

मी मागे होतो. थेरपिस्टने सांगितलं, बाबा, तुम्ही तिथे नाहीच आहात असं समजा. बायको घाई करायची, चित्र तळहातावर पडायच्या आतच बाटली उघडायची, आणि मला मागून ओरडावंसं वाटायचं की थांब जरा, पण बोलायचं नाही ना! तीही वैतागायची की मी हात लवकर सोडतोय. बोलता येत नाही म्हटल्यावर आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. तिने भुवई उचलली की मी जरा उशिरा सोडायचो, मी मान हलवली की ती थांबायची. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर इतकं बघितलं नव्हतं एकमेकांकडे, विनोद म्हणून नाही सांगत. एका दिवशी मी त्याच्या हाताला हात लावायच्या आधीच त्याने चित्र उचललं, नेलं, आईच्या हातावर थापलं. ती फुगे उडवायचंच विसरली. मी मागून बोललो, "अगं उडव ना!" नियम मोडला तो मोडलाच.

आता बोलतो तो. बराचसा इको असतो, पाणी हवं असलं की "तुला पाणी हवंय का?" असं विचारतो कारण आपण त्याला तसं विचारतो. आम्ही उत्तर देतो "मला पाणी हवंय" आणि पाणी देतो, त्याचं तोंड आपण व्हायचं.

नातेवाईकांचं थोडक्यात सांगतो, कारण त्याची कटकट सगळ्यांना माहीत आहे. ज्याचे नातेवाईक त्याने बोलायचं. माझ्या आईने "तुम्ही मोबाईल दिला म्हणून झालं, हिने जरा बोलायला हवं होतं त्याच्याशी" असं काढलं तेव्हा बायकोने एक अक्षर बोलायचं नाही, मी बोललो. आई, गेल्या शतकात डॉक्टरसुद्धा असंच म्हणायचे, आई थंड असली की मूल असं होतं, कितीतरी बायकांची आयुष्यं त्यात गेली आणि ते साफ खोटं निघालं, आता तू नको परत सुरू करूस. तिच्या काकांनी लसीमुळे होतं असा मेसेज पाठवला, तर तो तिच्या खात्यात. तिने त्यांना शांतपणे सांगितलं की लसीचा आणि ऑटिझमचा संबंध लावणारा वेकफिल्ड या डॉक्टरचा तो १९९८ चा पेपर १२ मुलांवरचा होता आणि तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला. काका गप्प बसले नाहीत, पण मला पाठवायचे थांबले, तेवढं पुरे.

थेरपीबाहेरच्या बाकावर एका आईने मला सांगितलं होतं की अशा घरांत ८० टक्के लग्नं मोडतात. मी ते बायकोला सांगितलं आणि आम्ही दोघांनी बसून शोधलं. ८० ला कुठेच आधार नाही. अमेरिकेत २००७ च्या सर्व्हेवरून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑटिझम असलेली ६४ टक्के मुलं लग्न टिकलेल्या आई-वडिलांबरोबर राहत होती, आणि बाकीच्या मुलांत हे प्रमाण ६५, म्हणजे फरक नाहीच. २०१० च्या दुसऱ्या एका अभ्यासात घटस्फोट अशा घरांत २३.५ टक्के आणि बाकीच्या घरांत १३.८ असे निघाले, तो फरक आहे, आणि त्यांचं म्हणणं असं की मूल मोठं झाल्यावरही ताण उतरत नाही. बायको म्हणाली, म्हणजे पुढची वीस वर्षं पण बघायचीत. मी म्हटलं हो. मग आम्ही आठवड्यातली एक संध्याकाळ पोराची मावशी त्याच्याजवळ बसते तेव्हा बाहेर पडायचं ठरवलं, पोराचा विषय काढायचा नाही या अटीवर. दर वेळी अर्ध्या तासात विषय निघतोच.

सध्या भांडण शाळेवरून आहे. मला वाटतं यावर्षीच नेहमीच्या शाळेत घालावं, सोबत शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याकडे बघणारी बाई, द्यावी, मुलांमध्ये राहून शिकेल. तिला वाटतं अजून एक वर्ष थेरपी, आधी टॉयलेटचं पक्कं होऊ दे आणि त्या मशीनच्या आवाजाचं काहीतरी होऊ दे. ड्युटीचा नियम इथे चालत नाही कारण इथे दोघंही ड्युटीवर आहोत. दोन शाळा बघून आलो, ती आवाज ऐकत फिरत होती आणि मी वर्गात मुलं किती ते मोजत होतो, दोघांच्या वह्या परत वेगळ्या आल्यात. पुढच्या आठवड्यात ओटीवाल्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) मॅडमना दोन्ही वह्या दाखवणार आहोत, तोवर मी त्या विषयावर गप्प.