हात वर केला की

मंगळवार, रात्री

गेममधल्या योद्ध्याचं चिलखत मी अंगावर घालायला ईव्हीए फोमचं (चटयांना वापरतात तो हलका, रबरासारखा फोम) बनवतेय. ते बघून ताईने एवढंच विचारलं, "यात हात वर होतो का गं?" आणि ती तिच्या कामाला लागली. माझं मात्र तेव्हापासून कशात लक्ष नाही.

अर्धा होतो. हात खांद्याच्या रेषेपर्यंत येतो आणि तिथे खांद्याच्या तुकड्याची वरची कड हेल्मेटच्या जबड्याला टेकते. त्यापुढे रेटला तर हेल्मेट तरी वळतं, नाहीतर छातीचा अख्खा भाग वर उचलला जातो. मापं बरोबर आहेत. साचा गेममधल्याच मॉडेलवरून पेपाकुरात (त्रिमिती आकाराचा सपाट कागदी साचा काढून देणारं सॉफ्टवेअर) उलगडलेला, एकही कड इकडची तिकडे नाही. म्हणूनच जास्त लागलं.

मग गेम सुरू केला, तलवार उगारतानाचं दृश्य थांबवलं आणि कॅमेरा मानेभोवती फिरवला. खांद्याचं पान सरळ मानेत शिरलंय. चांगलं चार बोटं आत. खेळताना हे दिसत नाही, कारण ते सगळं पापणी लवायच्या आत होऊन जातं. गेममधल्या चिलखताला जाडी नसते. तो नुसता पृष्ठभाग, आतल्या सांगाड्याच्या हाडांना बांधलेला. हाड फिरलं की तोही फिरतो, वाटेत काय आलं याची चौकशी कोणी करत नाही.

म्हणजे ज्या चित्राशी मिलिमीटरपर्यंत इमान राखलं, त्या चित्रातल्या माणसालाही हे चिलखत घालून हात वर करता येत नाही. हे कळल्यावर जे वाटलं त्याला राग म्हणता येत नाही. फसवलं तर कोणीच नाही. तरी काहीतरी काढून घेतल्यासारखं झालंय.

नेमकं कुठे बिनसतं ते एकदा लिहून काढते.

पहिली गोष्ट जाडीची. अंगरख्यासकट दंडाचा घेर ३४ सेंमी भरला म्हणून १० मिमी फोमची ३४ सेंमीची पट्टी कापून गोल जोडली, तर आतला घेर जेमतेम ३१ उरतो. फोम वळला की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, मधला थर तेवढा मूळ लांबीचा राहतो. आतून जाडी गुणिले पाय एवढं माप जातं, १० मिमीला ३.१ सेंमी, ६ मिमीला १.९. त्यात हालचालीसाठी २ सेंमी धरले की १० मिमीची पट्टी ३९ ची लागते. म्हणजे आतून नीट बसायचं तर तुकडा बाहेरून चित्रापेक्षा जाड होणारच. खांद्याला हे सगळ्यात जास्त भोवतं, कारण तिथे छातीचा पट्टा, अंगरखा आणि वरचा तुकडा असे तीन थर एकावर एक येतात.

दुसरी गोष्ट डोक्याची. खरा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो, गेममधले वीर आठ किंवा त्याहून जास्त. १६५ सेंमी उंचीला आठाने भागलं की डोक्याला २०.६ सेंमी येतात, आणि त्यातच हेल्मेटही धरायचं. नुसतं डोकंच हनुवटीपासून टाळूपर्यंत एकवीस-बावीस सेंमी असतं. वरून गादी, फोमची जाडी, श्वासाला जागा. तेव्हा हेल्मेट मोठं करावंच लागतं. हेलो या गेममधला मास्टर चीफ चिलखतासकट सुमारे सात फूट उंच आहे. त्याच्यासारखं पात्र उंचीच्या एकाच प्रमाणात लहान करून चालतच नाही. हेल्मेट, छाती, दंड, पोटरी, प्रत्येकाचं प्रमाण वेगळं धरावं लागतं.

आता या दोन्ही दुरुस्त्या एकत्र ठेवल्या की कळतं. हेल्मेट वरून खाली वाढलं, खांदा खालून वर वाढला, आणि मधली मानेची जागा दोघांनी मिळून खाल्ली. दोन्ही दुरुस्त्या रास्तच होत्या. भांडण मानेशी आहे, आणि मान दोन सेंमी लांब करायची काही सोय नाही.

बरं, खांदे मुळात इतके अवाढव्य का, तर कॅमेरा पात्राच्या मागे आणि जरा वर असतो. तिथून डोकं आणि खांदे हेच आधी दिसतात, लांबून पात्र ओळखू येतं ते त्यांच्यावरूनच. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टपासून (२००४) ही सवय डोळ्यांना चांगलीच लागली आहे. खांदा लहान केला की पात्रच हरवतं. म्हणून तो सोपा उपाय नको. सुमित म्हणतो तसं "कोण बघतंय" हेही नको. मला दिसतं ना.

खरं सांगायचं तर संध्याकाळभर नुसती त्या तुकड्यांकडे बघत बसले होते.

जेवणानंतर पंधराव्या शतकातल्या युरोपी चिलखतांचे फोटो काढून बसले. आधी फक्त कडांची नक्षी बघायला काढले होते. पूर्ण पोलादी चिलखत वीस-पंचवीस किलोचं, आणि ते घालून माणूस घोड्यावर चढत असे, कारण वजन अंगभर वाटलेलं असे आणि सांधे मोकळे. छातीचं पोलाद कमरेशी संपतं, कारण माणूस तिथे वाकतो. (गेमवाले तेच पोटाखालपर्यंत ओढतात, मग बसता येत नाही.) खांदा तर कधीच एकसंध नाही. कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या पट्ट्या, आतून चामड्याच्या वाद्यांवर रिव्हेटने बसवलेल्या. काही ठिकाणी रिव्हेटचं भोकच लांबट, म्हणजे पट्टी सरकू शकेल. आणि उजवा खांदा पुष्कळदा डाव्यापेक्षा लहान, बगलेत भाला धरता यावा म्हणून पुढून कापून घेतलेला. तो बघितल्यावर छातीवरचं ओझं जरा उतरलं. ज्यांच्या जिवावर बेतायचं, त्यांनीही खांद्याची कड कापलीच होती.

तर आता असं करायचं. खांदा १० ऐवजी ६ मिमीत, तीन पट्ट्यांचा. वरच्या पट्टीची खालची कड मधल्या पट्टीवर अडीच सेंमी चढलेली, मधलीची तशीच शेवटच्या पट्टीवर, म्हणजे हात वर गेला की खालच्या पट्ट्या वरचीच्या पोटात सरकतात. आतून २५ मिमी रुंदीचे तीन इलॅस्टिक उभे. इलॅस्टिकला सगळीकडे गोंद लावायचा नाही. गोंद मुरलेला इलॅस्टिक ताणतच नाही, कडक फीत होऊन बसतो. प्रत्येक पट्टीवर फक्त ३ सेंमी चिकटवायचं, मधला भाग मोकळा. बाहेरून जाडी दिसावी म्हणून वरच्या पट्टीच्या कडेला २ मिमीची किनार, म्हणजे लांबून ती जवळजवळ १० मिमीची वाटेल. चित्र तेवढं तरी राखलं.

टांगायचं कुठून हे त्याहून महत्त्वाचं. खांदा छातीच्या तुकड्याला घट्ट जोडला की हाताबरोबर छातीही उचलली जाते, आज झालं ते हेच. मानेजवळ छातीच्या पट्ट्यावरून एक आखूड नायलॉनची पट्टी आणि क्लिपचं बक्कल, खाली दंडाभोवती इलॅस्टिक. बाकी तुकडा तरंगता. पट्टीचं टोक निदान ५ सेंमी चिकटवून वर २ मिमी फोमचं ठिगळ द्यायचं. काँटॅक्ट सिमेंटचा (दोन्ही बाजूंना लावायच्या गोंदाचा) सांधा सहसा सुटत नाही, त्याच्याआधी फोमचा थरच सालपटासारखा निघतो. ठिगळाने ओढ पसरते.

सिमेंट दोन्ही बाजूंना पातळ, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग एकदाच दाबायचं. टेकवल्यावर सरकवता येत नाही. कापलेली कड सिमेंटचा पहिला हात पिऊन टाकते, तिथे दुसरा हात हवाच. पट्ट्यांना आकार मात्र गोंदाआधी. हीट गनने पृष्ठभाग किंचित चमकेपर्यंत तापवायचा आणि थंड होईस्तोवर मांडीवर दाबून धरायचा. जास्त तापला तर फोड येतात आणि तुकडा आकसतो, की मापं परत बोंबलली. खिडक्या उघड्या आणि गोंदाची वाफ गाळणारा कार्ट्रिज असलेला मास्क. घासताना वापरतो तो धुळीचा मास्क सिमेंटच्या वासाला काही कामाचा नाही.

रंगाचं थोडं अवघड आहे. घसटणाऱ्या जागी रंगाखालचा रबरी लेप पुरता वाळला नसेल तर दोन पट्ट्या उकाड्यात एकमेकींना चिकटतात, आणि ओढून सोडवल्या की लेप सोलून येतो. प्रत्येक पट्टीच्या आतल्या कडेला पातळ फेल्टची फीत लावली तर घसट मऊ होईल. बाहेरून कड झिजणारच. तिथे आधीच रुपेरी रंगाचा कोरडा ब्रश फिरवून ठेवते, म्हणजे खरी झीज त्याच जागी मिसळून जाईल.

मनातलं ते काढून घेतल्यासारखं वाटणं अजून पूर्ण गेलेलं नाही. काटेकोर राहण्यात एक सुख होतं, मॉडेल जसं तसं आपण, मधे आपलं मत नाही. आता प्रत्येक कडेला मत द्यावं लागणार, आणि कोणी विचारलं तर सांगावंही लागणार.

उद्या आधी पुठ्ठ्याचा खांदा. अंगरखा घालून, हेल्मेट चढवून, हात वर, पुढे, छातीवरून पलीकडे, तिन्ही करून बघायचं. जिथे टेकेल तिथे पेन्सिलची खूण, आणि खुणा संपेपर्यंत फोमला ब्लेड लावायचं नाही. ब्लेडही नवीन घ्यायचं. ईव्हीए धार पटकन खातो आणि बोथट पात्याने कड फाटते, मग दोन ४५ अंशांच्या कडा जुळून काटकोन होतच नाही.

तलवार उजव्या हातात आहे. उजव्याची मानेकडची कड डावीपेक्षा दीड सेंमी खाली घेतेय. चित्रात दोन्ही अगदी सारख्या आहेत.