खजुरीच्या बुंध्याशी

नंदुरबार, शुक्रवार, ७ मार्च २०२५

आज सहावा रोजा. परवाच्या राखेच्या बुधवारी आम्हा ख्रिस्ती लोकांचाही ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू झाला, त्यामुळे यंदा भिंतीच्या दोन्ही बाजूंना उपास चालले आहेत. फरक इतकाच, की शेजारच्या भाभी दिवसभर पाण्याचा थेंबही घेत नाहीत आणि मी केवळ गोड सोडले आहे.

गेला महिनाभर आमच्या चर्चच्या मंडळीत दर गुरुवारी इस्लामची ओळख करून देणारा वर्ग चालतो. त्यामुळे तरुण मुलांचा विश्वास डळमळेल, अशी शंका दोघा-तिघा ज्येष्ठांनी पाळकसाहेबांकडे बोलून दाखवली होती. मला ती पटली नाही. माझी अडचण निराळी होती: बावीस वर्षे भिंतीला भिंत लावून राहूनही भाभींच्या धर्मातले शीरखुर्म्यापलीकडे मला काहीच ठाऊक नव्हते.

काल कुराणातील एकोणिसावी सूरा (अध्याय), म्हणजे ९८ आयतींची (वचनांची) ‘मरियम’, मराठी अनुवादातून वाचली. मरियम म्हणजे येशूची आई मरिया; कुराणात नावाने उल्लेखलेली स्त्री ही एकटीच. शेजारी बायबलातले लूकचे शुभवर्तमान उघडून ठेवले होते. दोन्हीकडे आधी म्हाताऱ्या जखऱ्याला पुत्राचे वचन मिळते, आणि दोन्हीकडे मरिया देवदूताला विचारते, की पुरुषाचा स्पर्श नसता मला मूल कसे होईल. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. लूकमध्ये योसेफ आहे, बेथलेहेम आहे, गव्हाणी आहे. इथे ती एकटीच दूर निघून जाते, वेणा सुरू होताच खजुरीच्या बुंध्याशी येते आणि यापूर्वीच मेले असते तर बरे झाले असते, असे म्हणते. तेव्हा आवाज येतो, की खोड आपल्याकडे हलव, ताजे खजूर पडतील. तीस वर्षे मी प्रसूतिकक्षात परिचारिका होते आणि बायकांच्या तोंडून हेच वाक्य किती वेळा ऐकले, याची गणती नाही. लूक मरियेचे दिवस भरल्याचे सांगतो, वेणांविषयी एक शब्दही लिहीत नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आले नव्हते.

आज संध्याकाळी भाभींकडे गेले आणि धीर करून क्रुसाविषयी विचारले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. हजरत ईसा, म्हणजे आमचे येशू, नबी (प्रेषित) आहेत, देवाचे पुत्र नव्हेत. त्यांना सुळावर चढवले गेले नाही, अल्लाने आपल्याकडे उचलून घेतले आणि ते पुन्हा येतील, असे त्यांनी सांगितले. १८ एप्रिलला उत्तम शुक्रवार, म्हणजे येशूच्या क्रुसावरील मरणाचा दिवस, आहे. त्या दिवसावाचून माझ्या विश्वासात काय उरेल, हे मला सांगता येत नाही. क्षणभर बोचले. तरी ‘सगळे धर्म सारखेच’ असे म्हणून मी आजवर जो विषय आटोपता घेत असे, त्यापेक्षा हे बोचणे मला प्रामाणिक वाटले. १९३२ साली आपल्या धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देणाऱ्या विनोबांनीही पुढे कुराणाचे सार आणि ख्रिस्ती धर्माचे सार अशी दोन स्वतंत्र पुस्तकेच केली, त्यांची खिचडी केली नाही.

एवढ्यात अजान झाली. भाभींनी एक खजूर मधोमध उकलून बी काढली, दुआ पुटपुटत अर्धा तोंडात टाकला आणि उरलेला अर्धा माझ्यापुढे धरला. मी गोडाचा नेम सांगितला. त्या हसल्या, तो अर्धा खजूर बाजूला ठेवून आतून मूठभर खजूर आणले आणि कागदात बांधून दिले.

“डब्बे में रख दो, ताई. ईस्टर तक खराब नहीं होता.”