टीपीएसचा आकडा आणि सांगलीचे काका

सोमवार

आजचा सगळा दिवस डिस्कच्या मागे गेला. कागदावर आमची ब्लॉकचेन, म्हणजे अनेक मशीननी मिळून सांभाळलेली व्यवहारांची खतावणी, झकास आहे. व्यवहार एकामागून एक न चालवता प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर एकदम सोडायचे, मग कोणी कोणाच्या खात्याला हात लावलाय का ते तपासायचं, टक्कर झालीच असेल तर तेवढेच पुन्हा चालवायचे. सोळा कोअर आहेत, तर काम सोळापट नाही तरी दहापट व्हायला हवं. होत नाही. प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) लावून बघितलं तर कोअर नुसते बसून. सगळे डिस्ककडून शिल्लक येण्याची वाट बघतायत.

हिशेब सोपा आहे आणि म्हणूनच जास्त चीड येते. चांगल्या एनव्हीएमई एसएसडीवरसुद्धा, म्हणजे वेगवान डिस्कवरसुद्धा, कुठल्यातरी कोपऱ्यातली एक नोंद वाचायला शंभरेक मायक्रोसेकंद लागतात. एका व्यवहाराला अशी दहा वाचनं लागली आणि ती एकापाठोपाठ एक झाली, की एक मिलिसेकंद गेला. म्हणजे सेकंदाला हजार व्यवहार, यालाच टीपीएस म्हणतात. वर प्रोसेसर कितीही दांडगा बसवा, हजारच. आणि दहा हा आकडा फार नाही, कारण शिल्लक मर्कल ट्रीमध्ये, म्हणजे फांद्या-फांद्यांच्या रचनेत, ठेवलेली असते, एका खात्यापर्यंत पोचायला अनेक पायऱ्या उतराव्या लागतात. उपाय माहीत आहे. एसएसडीला एका वेळी शेकडो मागण्या दिल्या तरी तो पुरवतो, फक्त त्या तशा मागाव्या लागतात. बाजारातला तयार डेटाबेस आपल्याला हवं तसं मागत नाही, म्हणून स्वतःचं स्टोरेज लिहिणं चालू आहे. हे काम करणारा आमचा पोरगा जेवायच्या सुट्टीत डबासुद्धा स्क्रीनसमोरच उघडतो.

बाहेरच्यांना वाटतं ब्लॉकचेन म्हणजे क्रिप्टोग्राफी आणि मोठमोठी गणितं. आमचं अर्धं आयुष्य डिस्क, मेमरी आणि नेटवर्कच्या वायरीत जातं.

बुधवार

आज सांगलीहून एक काका आले होते. त्यांच्या मुलाला आम्ही ऑफर दिलीय. सिस्टिम्सचं काम त्याच्यासारखं येणारी माणसं मोजकी, आणि जी आहेत त्यांना ट्रेडिंगवाल्या कंपन्या आमच्या कितीतरी वर पगार देऊन उचलतात. पोरगा तयार आहे, घर तयार नाही. म्हणून वडील स्वतः अंधेरीला बघायला आले. सोबत पिशवीत भडंग आणि हळद.

पहिलाच प्रश्न, "मॅडम, पगार रुपयात देणार की तुमच्या त्या टोकनात, डिजिटल नाण्यात?"

"रुपयात काका. पीएफसकट."

मग जरा सैल बसले. नंतर कळलं की आयुष्य जिल्हा बँकेत गेलंय, शाखा अधिकारी म्हणून निवृत्त. त्यामुळे "हे सट्ट्याचं आहे ना?" हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. त्यांना एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोवाल्यांपासून लांब राहायला सांगितलं होतं ते आठवत होतं, मार्च 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं तेही. मी 2022 पासूनचा तीस टक्के कर आणि एक टक्का टीडीएस सांगितला. "कर घेतायत म्हणजे धंदा मानतायत," ते म्हणाले. मी म्हटलं, तितकंही सरळ नाही, स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही. हे मुद्दाम सांगितलं. ऑफर नाकारली तरी चालेल, पण उद्या घरात मुलाला बोलणी बसायला नकोत.

मग त्यांनी फळ्याकडे बघून विचारलं की हे काम नेमकं काय आहे. मी समजावणार तोच तेच म्हणाले, "म्हणजे सगळ्या शाखांकडे एकच खतावणी, बरोबर? आणि हेड ऑफिस नाही. मग दिवसअखेर ताळा कोण लावतं?"

मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. गुंतवणूकदारांसमोर मी या एका मुद्द्यावर वीस स्लाइड खर्च करते. ताळा सगळे मिळून लावतात. 1982 मध्ये लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीज यांनी सेनापतींची गोष्ट करून हाच प्रश्न मांडला होता: काही जण लबाड असतील तर बाकीच्यांनी एकमत कसं करायचं. साध्या निरोपांवर काम चालत असेल तर लबाड एक तृतीयांशापेक्षा कमी असायला हवेत. आमच्याकडेही म्हणूनच दोन तृतीयांशांहून जास्त मतं पडली की ब्लॉक पक्का.

"आणि एकाच खात्यावर सगळे तुटून पडले तर?"

तर थांबावं लागतं, काका. दहा हजार लोकांनी दहा हजार वेगळ्या खात्यांत पैसे पाठवले तर आमची चेन सुसाट. सगळ्यांनी त्याच क्षणी एकच टोकन एकाच पूलमधून (टोकन अदलाबदलीच्या सामाईक खात्यातून) घ्यायला घेतलं, तर सोळा कोअर असोत की चौसष्ट, ते खातं एकेकालाच हात लावू देणार. समांतर चालवलेले व्यवहार एकमेकांवर आदळतात आणि पुन्हा पुन्हा चालवावे लागतात. "मग तुमचा वेग कुठला धरायचा, पहिला की दुसरा?" या प्रश्नाला मी चहा मागवला.

जाताना यूपीआयचा विषय काढलाच, सगळे काढतात. यूपीआयने ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्यांदा एका महिन्यात 2,000 कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. सरासरी सेकंदाला साडेसात हजारांच्या घरात. त्यापुढे बिटकॉइन सेकंदाला सातेक, आणि ब्लॉकला सरासरी दहा मिनिटं. पण यूपीआयच्या मध्यभागी ते चालवणारी एनपीसीआय ही संस्था आहे आणि खतावणी ज्याची त्याची बँक सांभाळते. आमच्याकडे मध्ये कोणीच नाही. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, फायबरमधून प्रकाश सेकंदाला दोनेक लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका बाजूचा निरोप पोचायलाच साठ-पासष्ट मिलिसेकंद, तेही केबल सरळ रेषेत टाकली असती तर. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर केबल उतरतात त्या काही आमच्या सोयीने वळणार नाहीत. एकमताला असे दोन-तीन फेरे लागतात. त्यामुळे व्यवहारांचा क्रम आधी ठरवायचा आणि ते चालवायचं काम मागाहून, पुढच्या ब्लॉकची मतं गोळा होत असताना करायचं, असा मार्ग आम्ही धरलाय.

काकांनी भडंग ठेवून घ्यायला लावलं. मुलगा येतोय की नाही ते अजून कळलं नाही.

शुक्रवार

डिस्कॉर्डवर, आमच्या चॅट ग्रुपवर, गर्दी वाढतेय. त्यातले बहुतेक एअरड्रॉपसाठी, म्हणजे फुकट वाटल्या जाणाऱ्या टोकनांसाठी, आलेत. सकाळी "जीएम" (गुड मॉर्निंग) टाकायचं आणि गायब. त्यांच्यावर राग नाही, या शहरात लोक आयपीओलाही असेच रांग लावतात. पण त्यांना कम्युनिटी म्हणणं मला जड जातं.

त्याउलट सोलापूरचा एक जण. सायबर कॅफे होता, आता त्याच खोलीत आमच्या टेस्टनेटचा, म्हणजे चाचणीच्या चेनचा, नोड (चेन सांभाळणारं मशीन) चालवतो. मशीन जुनं, बत्तीस जीबी रॅम, वीज गेली की इन्व्हर्टरवर. त्याने रात्री लॉग पाठवला, खाली एकच ओळ: "मॅडम, स्नॅपशॉट घेतल्यावर मेमरी खाली येत नाही, बघा जरा." आमच्या क्लाउडवरच्या भरपूर रॅमच्या मशिन्सवर हे कधी दिसलंच नसतं, कारण तिथे मेमरी संपायलाच तयार नव्हती. बग खरा निघाला. मेननेटवर, म्हणजे खऱ्या चेनवर, आठवड्याभरात जागोजागी नोड पडले असते.

अशी माणसं का लागतात हे सोलाना या दुसऱ्या एका चेनच्या सप्टेंबर 2021 मधल्या प्रसंगात दिसतं. एका टोकन विक्रीवर बॉट तुटून पडले, नेटवर्कवर सेकंदाला चार लाखांपर्यंत व्यवहारांचा मारा झाला आणि चेन सतराएक तास बंद. बटण दाबून चालू करायला कोणी मालक नव्हता. व्हॅलिडेटर, म्हणजे मत देणारे नोड, चालवणाऱ्यांनी आपसात बोलून, कुठून सुरू करायचं ते ठरवून, ऐंशी टक्के स्टेक (त्यांनी अडकवून ठेवलेली टोकनं) एकत्र आल्यावर ती पुन्हा उठवली. तसं संकट आलंच तर "जीएम"वाले उठणार नाहीत. सोलापूरवाला उठेल.

शनिवार

आज नुसती वादावादी. घोषणेत टीपीएसचा कुठला आकडा द्यायचा?

मार्केटिंगवाल्याचं म्हणणं असं की, व्हॅलिडेटरची किमान अट 128 जीबी रॅम करा, सगळं स्टेट (सगळ्या खात्यांच्या शिलकी) मेमरीत बसवा, आकडा दुप्पट होतो. खरं आहे, होतो. इतरांचे आकडे बघून आमचा छोटा दिसतो, हेही खरं. आणि हे शहर तसं या धंद्यात नवखं नाही, आजची पॉलिगॉन 2017 मध्ये इथेच मॅटिक म्हणून सुरू झाली. 2024 मध्ये बंद होईपर्यंत त्यांच्या टेस्टनेटचं नावच मुंबई होतं. त्यामुळे मुंबईची टीम म्हटल्यावर लोक अपेक्षा ठेवूनच बघतात.

पण बेंचमार्कमध्ये, म्हणजे वेग मोजण्याच्या चाचणीत, एक गोम आहे. दोन तृतीयांशांहून जास्त मतं आली की ब्लॉक पक्का, म्हणजे मागे राहिलेल्या एक तृतीयांशाची कोणी वाटच बघत नाही. सोलापूरचा नोड धापा टाकत बंद पडला तरी आकडा तितकाच सुंदर राहणार. असे नोड एकेक करून गळतील, शेवटी चार डेटा सेंटरमधली मशिन्स एकमेकांना मत देत बसतील, आणि ग्राफवर कुठेही खड्डा दिसणार नाही. मग एवढा खटाटोप कशाला, एक चांगला डेटाबेस भाड्याने घेऊ की.

माझं मत मांडून झालं: अट बत्तीस जीबीच ठेवायची. पानावर दोन आकडे द्यायचे, वेगवेगळ्या खात्यांतला आणि सगळे एकाच पूलवर तुटून पडल्यावरचा. शेजारी तो कुठल्या मशीनवर मोजला ते. कम्युनिटी बघणारी आमची पोरगी माझ्या बाजूने, मार्केटिंगवाला फोनवर तोंड पाडून. "दुसरा आकडा छापला तर लोक तोच स्क्रीनशॉट फिरवतील," तो म्हणाला. फिरवतील. फिरवू देत.

स्टोरेजवाल्या पोराने मध्येच विचारलं की नव्या स्टोरेजवर बत्तीस जीबीत किती जातं ते आधी मोजू या का, उगाच भांडण्यापेक्षा. सोलापूरला निरोप टाकलाय, सोमवारी त्याच्याच मशीनवर मोजायचं. त्याने उलट विचारलंय, वीज बिलाचं काय. रास्त आहे, अकाउंट्सला सांगितलं.