आज टीव्हीवर 'रॉकी' लागला होता
संजय दत्तचा हिरो म्हणून पहिला सिनेमा, दिग्दर्शक वडीलच. आई नर्गिस 3 मे 1981 ला कॅन्सरनं गेल्या आणि त्याच आठवड्यात हा झळकला. प्रीमियरला त्यांची खुर्ची रिकामी ठेवली होती. हे माहीत असलं की त्याचा नाच बघवत नाही. पुढं ड्रग्ज, अमेरिकेत उपचार, 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोट प्रकरणात अटक.

शिक्षेच्या हिशेबात मात्र लोक अजून गोंधळ घालतात. टाडा (दहशतवादविरोधी कायदा) कोर्टानं 2007 मध्ये दहशतवादाच्या आरोपातून सोडलं. 6 वर्षं दिली ती शस्त्र कायद्याखाली. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याची 5 केली. आधी भोगलेले 18 महिने वजा, उरले 42. त्यात सूट मिळून 25 फेब्रुवारी 2016 ला येरवड्यातून सुटका. आत काम काय, तर रद्दीच्या पिशव्या चिकटवायच्या!